वेठीचा मांडव आणि आपला मंच

(नांदेडला झालेल्या युवक शिबिरातलं भाषण. बोललो तसंच बहुतेक ठेवलंय. तोंडात दोन-दोनदा आलेलं तेवढं काढलं.)



शिबिरवाल्यांनी मला विषय दिलाय, 'यादवी आणि हुकूमशाहीच्या काळातला नेपथ्यकार'. विषय भारी आहे. नेपथ्यकार म्हंजे कोण? नाटकात मागं घर उभं करतो, पायऱ्या बांधतो, पडदा रंगवतो, कुठून कोण येणार आणि कुठं उभं राहणार याची जागा करतो, तो. सुतार, रंगारी, दोरवाला, हमाल आणि वर डोकं चालवणारा, सगळं एकात.

मराठी नाटकाची जाहिरात काढून बघा. लेखक, दिग्दर्शक, संगीत आणि त्याच रांगेत 'नेपथ्य' लिहून पुढं एक नाव. आता आपले जलसे, आपली कलापथकं आठवा. शाहिराचं नाव लोकांच्या तोंडात असतं. ढोलकीवाल्याचं असतं. पण नेपथ्य हा शब्दच नाही. मग पांढरपेशे समीक्षक काय लिहितात? जलशाला नेपथ्य नव्हतं. साधी, भाबडी, उघड्यावरची लोककला. मला आज एवढंच सांगायचंय की हे खोटं आहे. जलशाला नेपथ्य होतं, ते करणारा माणूस होता, आणि निजामापासून आणीबाणीपर्यंत त्याने जी युक्ती वापरली ती जगातल्या कुठल्याही मोठ्या नेपथ्यकारापेक्षा कमी नव्हती. फक्त त्याचं नाव कुणी लिहिलं नाही. आपणही नाही.

आधी परमुलखातला एक माणूस सांगतो, म्हंजे आपलं वेगळेपण कुठं आहे ते कळेल.

स्पेन देश. १९३१ साली तिथला राजा गेला, प्रजासत्ताक आलं. लोर्का नावाच्या कवीने विद्यापीठातली पोरं गोळा केली आणि १९३२ पासून 'ला बार्राका' ही नाटकमंडळी खेडोपाडी नेली. ट्रकमध्ये फळ्या आणि पडदे घालायचे, गावच्या चौकात मंच जोडायचा, नाटक करायचं, पुन्हा सगळं ट्रकमध्ये. त्या मंडळींच्या गोतावळ्यातला एक नेपथ्यकार म्हणजे सांतियागो ओन्तान्योन. लोर्काच्या 'रक्तविवाह' या नाटकाच्या १९३३ च्या प्रयोगात त्याचं नेपथ्य होतं. १९३६ मध्ये लष्कराने बंड केलं आणि तीन वर्षं यादवी पेटली. लोर्काला पहिल्याच उन्हाळ्यात, ऑगस्ट १९३६ मध्ये, गोळ्या घातल्या. १९३९ मध्ये फ्रँकोची फौज माद्रिदमध्ये शिरली तेव्हा ओन्तान्योनने चिली देशाच्या वकिलातीत आसरा घेतला. बाहेर पाय टाकला की कैद. नाटकघर गेलं, प्रेक्षक गेला. मग आतल्या मूठभर माणसांनी काय केलं? एक मासिक काढलं. नाव 'लूना', म्हंजे चंद्र. छापखाना कुठला आणायचा? टाइप केलेला मजकूर, हातानं काढलेली चित्रं, प्रत एकच! आपण अनियतकालिकवाले दोनशे प्रती खपल्या नाहीत म्हणून कपाळाला हात लावतो. पुढं तो सुटून चिलीत गेला आणि परक्या मुलखात त्याने पुन्हा रंगमंचाचं काम धरलं.

या माणसाबद्दल मला आदर आहे. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. त्याच्याकडून हिरावून घेण्यासारखं काहीतरी होतं. हुकूमशाही आली म्हणून त्याचं नाटकघर गेलं. आपल्या माणसाकडं हुकूमशाही यायच्या आधीही नाटकघर नव्हतं. फ्रँको १९७५ साली मेला आणि त्याचं राज्य संपलं. गावचा पाटील मेला तर त्याच्या जागी त्याचा पोरगा बसतो. म्हणून आपल्या नेपथ्यकाराची गोष्ट निजामापासून सुरू होत नाही. ती गावापासून सुरू होते.

गावात मांडव कोण घालायचं? पाटलाच्या घरी लग्न निघालं की लाकूडफाटा महारवाड्याने ओढायचा, दोर आणि तोरण मांगवाड्याने आणायचं. वेठ. मजुरी नाही, मागायची सोय नाही. खड्डे खोदायचे, मेढी पुरायच्या, आढं बांधायचं. मांडव उभा राहिला की ज्याने तो उभा केला त्यानेच बाहेर, उकिरड्याच्या अंगाला बसायचं. पंगत उठेपर्यंत. वरात निघाली की टेंभा कोण धरायचं? चिंध्या गुंडाळलेली काठी, तेलाची बुधली आणि आपला माणूस. नवरदेवाच्या तोंडावर उजेड, धरणाऱ्याचं तोंड अंधारात. वाजवायला कोण? हलगी आपली, सनई आपली.

आता मला सांगा, मांडव, उजेड आणि वाद्य ही तिन्ही कामं ज्याच्या हातात होती, तो नेपथ्यकार नव्हता तर कोण होता? कसब होतं. हक्क नव्हता. आणि गाव तरी काय आहे? कुणी कुठं उभं राहायचं हे ठरवून बांधलेला मंचच तो. चावडीवर कोण, पायरीवर कोण, जोत्याखाली कोण, वेशीबाहेर कोण. सगळ्या जागा आखलेल्या. नेपथ्य मनूचं, वेठ आमची.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडू नका. मी नववीत होतो तेव्हा गॅदरिंगला बांबू पुरायला आणि बाकं वाहायला बोलावलं. नाटकात घेतलं नाही. का, तर म्हणे "तू ताकदीचा हाईस." त्याच ताकदीवर आज गोदीत पोट भरतोय, त्याबद्दल तक्रार नाही. पण काम वाटताना आधी आडनाव बघितलं होतं आणि मग दंड, हे मला तेव्हाही कळत होतं.

तर आता जलशाकडं बघा. सत्यशोधक जलसे १८९० च्या सुमाराला सुरू झाले. १९३० च्या आसपास आंबेडकरी जलसे उभे राहिले. भीमराव कर्डक हे त्यातलं मोठं नाव. त्यांनी आपल्या कामाचा हिशोब 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' या १९७८ च्या पुस्तकात लिहून ठेवलाय. शिबिरातल्या प्रत्येकाने ते वाचावं. मी मात्र आज ते वेगळ्या नजरेने सांगणार आहे. शाहीर काय गायला ते बाजूला ठेवा. तो कशावर उभा राहून गायला ते बघा.

पहिली गोष्ट, जागा. जलसा वस्तीत व्हायचा. आजवर वेशीतल्या खेळाला आपण लांबून, कडेला उभं राहून बघत होतो. जलसा बघायचा असेल तर गावाला आपल्या वस्तीकडं चालत यावं लागलं. ही जागेची निवड नुसती सोय नव्हती. गावाचा नकाशा एका रात्रीपुरता उलटा केला होता.

दुसरी गोष्ट, पाया. ओटा असला तर ओटा. नसला तर दोन बैलगाड्या लगट लावायच्या, चाकांना दगड द्यायचे, वर फळ्या किंवा दारं टाकायची. दारं म्हंजे खरंच घराची दारं, बिजागऱ्यातून काढलेली. मागं नीळ दिलेलं धोतर नाहीतर लुगडं. मधी बाबासाहेबांची तसबीर. प्रेक्षक तिन्ही अंगांना बसलेला, चौथ्या अंगाला पडदा आणि पडद्यामागं वाट. ती वाट महत्त्वाची. दगड आले, लाठ्या आल्या, तर ढोलकी-तुणतुणं घेऊन कुठल्या बोळातून निघायचं हे आधी ठरलेलं पाहिजे. आजकाल मोठ्या नाट्यगृहात 'आपत्कालीन मार्ग' असा लाल दिवा असतो. आपल्या माणसाला त्याची गरज आधीच ठाऊक होती.

तिसरी गोष्ट, उजेड. गॅसबत्ती आली. ती मेढीला टांगली. टेंभा धरणारा हात मोकळा झाला आणि त्या हातात डफ आला. मला विचाराल तर आपल्या रंगभूमीचा इतिहास या एका बदलापासून लिहायला पाहिजे.

चौथी गोष्ट, मधली जागा कुणाची. तमाशात आधी गण, मग गवळण. सत्यशोधकांनी गणाचा अर्थ बदलला, आंबेडकरी जलशाने गणात बाबासाहेबांना आणि लोकांना वंदन केलं. कृष्ण आणि गवळणींची छेडाछेडी काढून टाकली. मुंबईत अण्णा भाऊ साठ्यांनीही आपल्या लोकनाट्यात तेच केलं, देवाच्या जागी मातृभूमी, हुतात्मे आणि राबणारा माणूस आणला. मंचाच्या मधोमध कोण बसणार हे बदललं की बाकीचा मंच आपोआप बदलतो.

एक उणेपणही सांगतो, झाकायचं काही कारण नाही. जलशात बाईचं काम पुरुष करायचा. मंचाच्या फळ्या म्हणून जिच्या घराची दारं आली आणि पडदा म्हणून जिचं लुगडं आलं, ती बाई मंचावर नव्हती. तिच्याकडं मी पुढं येतो.

आता निजाम. आपला मराठवाडा हैदराबाद संस्थानात. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं, जिल्हा १९८२ साली झाला. या संस्थानात १९२९ पासून 'गश्ती निशान त्रेपन्न' नावाचं फर्मान होतं. आधी परवानगी घेतल्याशिवाय जाहीर सभा नाही. कोण बोलणार, काय बोलणार, सरकारला आधी कळलं पाहिजे. बोलण्याचीच ही गत, तिथं चार माणसं जमवून गाणं म्हणजे काय जोखीम असेल?

अशा राज्यात ३० डिसेंबर १९३८ ला कन्नड तालुक्यात मकरणपूरला परिषद भरली. भाऊसाहेब मोऱ्यांनी भरवली. बाबासाहेब आले. जागा बघा कुठली निवडली. खानदेशच्या ब्रिटिश हद्दीला लागून, मुलखाच्या काठावर. 'जय भीम' ही घोषणा त्या परिषदेत घुमली. आणि माझ्या विषयाची गोष्ट ही, की त्या परिषदेसाठी विटांचा मंच बांधला होता. आज पाऊणशेहून जास्त वर्षं झाली, दर ३० डिसेंबरला लोक तिथं जमतात. तो मंच कुणी रचला? विटा कुणी वाहिल्या, माती कुणी कालवली? पाटलाचा मांडव घालणाऱ्या हातांनी पहिल्यांदा स्वतःच्या नेत्यासाठी पक्कं बांधकाम केलं. वेठ नव्हती. मला वाटतं, आपल्या मुलखातलं पहिलं सही करण्यासारखं नेपथ्य ते. सही नाही.

मग १९४७-४८. इथं 'यादवी' हा शब्द अगदी खरा लागू पडतो. देश स्वतंत्र झाला, निजाम सामील होईना. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी हा लातूरला वकिली केलेला माणूस. गावं जाळली, लुटली, लोक हद्दीपलीकडं पळाले. बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४७ मध्ये पत्रक काढून सांगितलं की संस्थानातल्या अस्पृश्यांनी निजामाची बाजू घेऊ नये, धर्मांतराच्या दडपणाला बळी पडू नये. १३ सप्टेंबर १९४८ ला भारताची फौज शिरली, १७ ला निजाम शरण आला. आपण त्याला मुक्तिसंग्राम दिन म्हणतो, म्हटलंच पाहिजे. पण त्याच्या पुढच्या आठवड्यांत काय झालं? नेहरूंनी पंडित सुंदरलालांची समिती पाठवली. तिचा अंदाज होता, २७ हजार ते ४० हजार माणसं मारली गेली, बहुतेक मुसलमान. सगळ्यात जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत दोन आपले, उस्मानाबाद आणि नांदेड. लातूर शहराचं नाव त्या अहवालात आहे. हा अहवाल दशकानुदशकं लोकांपासून दडवून ठेवला. म्हंजे आधी एकांनी जाळलं, मग दुसऱ्यांनी कापलं, आणि वेशीबाहेरचा माणूस दोन्ही वेळेला वेशीबाहेरच होता.

अशा वेळी रात्रीचा खेळ कोण मांडणार? गॅसबत्ती लावणं म्हंजे आपण इथं आहोत हे ओरडून सांगणं. मग कला मेली का? नाही. ती घरात गेली. बाईकडं गेली. जात्यावर.

हसू नका. जातं हाही मंच आहे. पहाटेचा अंधार, दोघी समोरासमोर, मधी दगड, आणि ओवी. तिथं ना परवानगी लागते, ना गश्ती निशान पोचतं. कुणी ऐकलं तर बाई दळतेय. पुढं अभ्यासक गावोगाव फिरले, लाखाच्या वर ओव्या गोळा झाल्या, आणि १९९० च्या दशकात बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात बायांनी बाबासाहेबांच्या, बुद्धाच्या ओव्या गाऊन दाखवल्या. त्यांनी त्या काही त्या दिवशी रचल्या नव्हत्या. जलशाने जिला मंच दिला नाही तिने स्वतःचा मंच घरातच शोधला होता, आणि तो कुठल्याही रझाकाराला, कुठल्याही फौजदाराला उचलून नेता आला नाही.

माझं म्हणणं इथं येऊन ठेपतं. हुकूमशाहीत टिकणारं नेपथ्य कसं असतं? जे जप्त करता येत नाही असं. दार पुन्हा बिजागरीत बसवलं की ते दार. लुगडं पुन्हा नेसलं की लुगडं. गाड्या सोडल्या की शेताला निघाल्या. सकाळी फौजदार आला तर त्याला मंच दिसतच नाही, नुसती वस्ती दिसते. ही गरिबी होती हे खरं. पण गरिबीतून काढलेली ही अक्कलही होती.

१९४८ नंतर हुकूमशाही गेली असं कुणी म्हणत असेल तर तिकडं मुंबई इलाख्यात बघा. स्वातंत्र्य मिळाल्या मिळाल्या तिथल्या सरकारने तमाशावर बंदी आणली. तमासगिरांनी आणि शाहिरांनी 'लोकनाट्य' हे नाव धरलं. ढोलकी तीच, वग तोच. पुढं पोलीस कायद्याखाली रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ आलं. संहिता द्या, शिक्का घ्या, मग प्रयोग करा. पण ज्याची बतावणी कागदावर नाही, तोंडात आहे, प्रत्येक गावात बदलते, तिच्यावर शिक्का मारायचा कुठं?

आपल्याकडं मात्र या काळात एक चांगली गोष्ट घडली. १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय निघालं. तिथं म. भि. चिटणिसांचं 'युगयात्रा' हे नाटक मुलांनी १९५५ मध्ये बाबासाहेबांच्या समोर केलं, आणि १९५६ मध्ये नागपूरला धर्मांतराच्या वेळी ते लाखोंच्या जनसागरापुढं झालं. विचार करा. ज्यांच्या बापजाद्यांनी मांडवाबाहेर पंगतीची वाट बघितली, त्यांची पोरं कॉलेजच्या मंचावर युगायुगांचा हिशोब मांडत होती.

२५ जून १९७५, आणीबाणी. छापायच्या आधी मजकूर तपासायचा, सभाबंदी, लोक तुरुंगात. एकवीस महिने. इथं आपली स्वतःची बाजूही तपासू. नामदेव ढसाळांनी १९७६ मध्ये 'प्रियदर्शिनी' लिहून इंदिरा गांधींची तरफदारी केली. ढसाळ मोठा कवी, आमच्या पिढीला भाषा देणारा, पण हे विसरून चालणार नाही. हुकूमशाही कलावंताला दोन तऱ्हेनं संपवते. एकाला मंचावरून ओढून काढते, दुसऱ्याला आपल्या मंचावर बसवते. दुसऱ्या प्रकारात जखम दिसत नाही एवढंच.

आणि मग १९७८. नांदेडमध्ये बसून हे मी तुम्हाला सांगणं म्हणजे आगाऊपणा आहे, तुमच्या घरातल्या म्हाताऱ्यांनी ते सोसलंय. २७ जुलैला विधिमंडळाने विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यातल्या वस्त्या पेटल्या. ४ ऑगस्टला नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळेंना मारलं. वस्ती जळते तेव्हा कणगी जळते, पोराचं दप्तर जळतं, तसा कोपऱ्यातला डफही जळतो. त्यांना माहीत होतं काय जाळायचं ते. पण त्यानंतरची सोळा वर्षं बघा. मोर्चे, सत्याग्रह, १९७९ चा लाँग मार्च, आणि प्रत्येक मोर्च्यात गाणं. रस्ता हाच मंच झाला. नोव्हेंबर १९९३ मध्ये याच नांदेडात गौतम वाघमारेंनी स्वतःला जाळून घेतलं. अशी माणसं गमावणं चळवळीला परवडत नाही, आपल्याला जगणारी, लढणारी माणसं पाहिजेत. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला.

याच नांदेडच्या पीपल्स कॉलेजात शिकवणाऱ्या दत्ता भगतांनी 'वाटा-पळवाटा' लिहिलं. आपल्या चळवळीतल्या तीन पिढ्या, काका, सतीश, अर्जुन, एकमेकांसमोर उभ्या करून वाद घातला. नेपथ्याच्या बाजूनं बघा त्याचं मोल काय. मराठी नाटकाचा दिवाणखाना म्हंजे कुणाचा दिवाणखाना? सोफा, कपाट, आत जाणारं दार, सगळं त्यांचं. भगतांनी त्या जागी दलित प्राध्यापकाचं घर आणलं. त्या घरात बसून आपले प्रश्न आपणच आपल्याला विचारले. बैलगाडीवरचा मंच ते बंदिस्त रंगमंच, ही उडी सोपी नव्हती. ती मारताना गाडीवरचं बळ थोडं सुटलं असं मला वाटतं, पण उडी मारायलाच हवी होती.

इतिहास बास. आता आजचं.

२ एप्रिल २०१३ ला कबीर कला मंचाची शीतल साठे आणि सचिन माळी मुंबईत विधानभवनाच्या बाहेर गात पोलिसांपुढं हजर झाले. फूटपाथ हा मंच, कॅमेरे हा उजेड. २०२० मध्ये त्याच मंचाच्या आणखी शाहिरांना एल्गार प्रकरणात पकडलं आणि वर्षानुवर्षं तुरुंगात ठेवलं. म्हंजे सरकारला अजून कळतं की डफ हातात घेतलेला माणूस काय करू शकतो. आपल्याला कळतं का?

आपल्या जयंतीचा मंच बघा. डेकोरेटरला ठेका. लोखंडी ट्रस, एलईडीची भिंत, दोन मजले स्पीकर. मंचावर पन्नास खुर्च्या आणि पन्नास पुढारी. फ्लेक्सवर वरती बाबासाहेब अंगठ्याएवढे, खाली नगरसेवक पुरुषभर. शाहीर आला तर त्याला सांगतात, दादा दोन गाणी घ्या, साहेब निघायचेत. आणि ट्रस चढवणारा पोरगा कोण? आपलाच. बिनटोपीचा, बिनपट्ट्याचा, रोजंदारीवर. वेठ गेली म्हणता? मांडव अजून तोच घालतोय आणि मंचावर अजून दुसराच बसतोय. फरक एवढाच की या वेळी वर बसलेलाही आपलाच आहे.

मी गोदीत वजन उचलतो. वजनाचा एक नियम आहे. हूक कुठं अडकवला, दोर कुठून टाकला यावर माल तोलात राहतो की माणसावर येतो ते ठरतं. मंचाचंही तेच. पन्नास खुर्च्यांचं वजन पुढं टाकलं की गाणं चेंगरतं. हे ओळखायला इंजिनिअर लागत नाही.

कुणी म्हणेल, मंचावरून एवढं काय बोलायचं? तर ऐका. १ जून २०२३. हे शहर. इथून हाकेच्या अंतरावर बोंढार हवेली. अक्षय भालेराव, चोवीस वर्षांचा. गावात बाबासाहेबांची जयंती साजरी करण्यात पुढं होता. लग्नाच्या वरातीतल्या माणसांनी त्याला भोसकून मारलं असा गुन्हा दाखल झाला. वरात. ज्या वरातीपुढं आपल्या आज्याने टेंभा धरला, तीच. गावात आपली मिरवणूक निघणं, आपला मंच उभा राहणं, याची किंमत २०२३ मध्येही जीव आहे. आणि त्या मंचावर आपण काय करतो? डीजे लावतो आणि साहेबांची वाट बघतो.

म्हणून चार कामं सांगतो. टाळ्या नकोत, कामं पाहिजेत.

एक. प्रत्येक वस्तीने स्वतःचा मंच करून ठेवायचा. जोडायच्या आठ-दहा फळ्या, घोड्या, एक पडदा, चार दिवे. डेकोरेटरच्या एका जयंतीच्या बिलात तो होतो आणि दहा वर्षं पुरतो. भाड्याच्या मंचावर भाडं भरणाऱ्याचाच माणूस बसतो.

दोन. पोरापोरींनी हे काम शिकायचं. नाट्यशास्त्राचे विभाग आहेत, तिथं अर्ज टाका. उजेड, ध्वनी, बांधकाम, सगळं. बैलगाडी आपली म्हणून बैलगाडीच बरी असं मी म्हणत नाही. गरिबीची आरती मला करायची नाही. आपल्याला नाट्यगृहही पाहिजे, परवडेल अशा भाड्यात, हक्काने. फक्त ते बंद झालं त्या दिवशी दारं काढून मंच कसा करायचा हेही आलं पाहिजे.

तीन. मंच बांधणाऱ्या पोरीपोरांनी त्यावर बोलायचं, गायचं. पोरी आधी.

चार. आपापल्या गावात जा. जलशाच्या वेळी गाड्या कुणी लावल्या, गॅसबत्ती कुणी टांगली, पडद्याला लुगडं कुणी दिलं, मकरणपूरच्या विटा कुणी वाहिल्या, हे सांगणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी उरलीत. नावं लिहून आणा. हे अनियतकालिक ती छापेल. कविता कमी छापू, माझी पहिली काढा.

नावं आली की त्यांच्या आधी एकच शब्द छापायचा, मोठ्या टायपात. नेपथ्य.

जय भीम.